सोबतीचा स्वर

पॅरिस, १६ ऑगस्ट १९६९. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जॅझवादकांचा मोठा मेळाच पॅरिसमध्ये जमला होता. कुणी अल्जीअर्सचा आफ्रिकी सांस्कृतिक महोत्सव आटोपून आलेले, कुणी शिकागोहून नशीब आजमावायला आलेले. बीवायजी या फ्रेंच कंपनीने या मंडळींना स्टुडिओत बोलावून थोड्याच दिवसांत एकामागून एक तबकड्या करून घेतल्या. त्यांतली एक सॅक्सोफोनवादक आर्ची शेपची, ‘ब्लाझे’. तिचं शीर्षकगीत दहा मिनिटांच्या आसपास चालतं. बास एकच आकृती घोळवत राहतो, हार्मोनिका कण्हते, आणि मग एक बाई कसलीही घाई न करता, खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी गाऊ लागते. शब्द कडू आहेत, एका स्त्रीने पुरुषाला ऐकवलेले, आणि लिहिलेत मात्र शेपनेच. ती ओरडत नाही, आळवत नाही. साक्षीदाराने एकेक गोष्ट शांतपणे सांगावी तसा एकेक शब्द सांगते आणि थांबते. त्या थांबण्याने अंगावर काटा येतो.

ही बाई म्हणजे जीन ली. तबकडीवर नाव शेपचं, शब्द शेपचे, चाल शेपची. पण त्या गाण्यातून तो आवाज काढून घेऊन पाहा. मागे उरेल एक चांगलं वाजवलेलं संथ ब्लूज. पुरुषाने लिहिलेल्या आरोपपत्रावर एका बाईने स्वतःची सही केली, तेव्हा कुठे ते खरं झालं. मग हे गाणं कुणाचं? हा प्रश्न मला बरीच वर्षं सोडत नाही, आणि जीन लीची सगळी कारकीर्द म्हणजे हाच प्रश्न पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या माणसांच्या सोबतीने विचारणं होतं, असं मला वाटतं.

संगीताच्या व्यवहारात याचं उत्तर ठरलेलं आहे. चाल आणि शब्द ज्याचे, गाणं त्याचं. अमेरिकेत आजही एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं. ज्याच्या गळ्यातून ते आलं त्याला काही मिळत नाही. ध्वनिमुद्रणालाच संघराज्याच्या कायद्याने कॉपीराइट मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून, म्हणजे ‘ब्लाझे’नंतर अडीच वर्षांनी. त्या कायद्याच्या लेखी तोवर रचना कागदावर होती आणि आवाज हा तिचा वापर होता. जॅझसारख्या संगीतात, जिथे अर्ध्याहून अधिक गोष्टी वाजवता वाजवता, गाता गाता घडतात, तिथे हे माप किती तोकडं पडतं हे सांगायला नको. तरीही इतिहास लिहिणारे तेच माप हाती घेतात. प्रकरणं पाडली जातात ती तबकडीवरच्या नावांनी. त्यामुळे जीन लीचं नाव जॅझच्या इतिहासात जागोजागी आहे, पण प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी प्रकरणात.

माझं म्हणणं असं, की हे नुसतं तिच्यावरचं दुर्लक्ष नाही. ती काय करत होती हेच या मापाला दिसत नाही. ती इतरांच्या संगीतात ‘गात’ नव्हती. लोकांमधल्या नात्याला आकार देणं हीच तिची रचना होती.

ती जन्मली न्यूयॉर्कमध्ये, २९ जानेवारी १९३९ ला. वडील मैफलींत आणि चर्चमध्ये गाणारे. बार्ड कॉलेजात तिने बालमानसशास्त्र, साहित्य आणि नृत्य शिकून घेतलं. तिच्या संगीतात पुढे जे जे आलं ते या तीन विषयांत दिसतं, विशेषतः नृत्यात. तिचा स्वर नेहमी कुठल्यातरी शरीरातून येतो. त्याला वजन असतं, तो पाय टेकवतो, वळतो. बार्डमध्येच तिला रॅन ब्लेक भेटला. हा पियानोवादक जुन्या गुन्हेगारी चित्रपटांच्या अंधाऱ्या दृश्यांवर वेडं प्रेम करणारा, एकेका स्वरसंगतीत सावली भरणारा. दोघांनी मिळून हार्लेमच्या अपोलो थिएटरची हौशी कलावंतांची स्पर्धा जिंकली, आणि १९६१ च्या अखेरीस आरसीए कंपनीसाठी ‘द न्यूएस्ट साउंड अराउंड’ ही तबकडी मुद्रित केली.

त्यातलं ‘लॉरा’ ऐकावं. ऑटो प्रेमिंजरच्या १९४४ च्या चित्रपटातली ही धून त्या काळात प्रत्येक गायक गात होता. डेव्हिड रॅक्सिनच्या या चालीत मूळचाच एक भास आहे, कुणीतरी आत्ता इथे होतं आणि नाहीसं झालं असा. ली आणि ब्लेक त्या भासावरच राहतात. पियानो चालीखालची जमीन हळूच काढून घेतो. गायिकेने अशा वेळी एकतर सूर घट्ट धरून पियानोला ओढून आणायचं किंवा स्वतः घसरायचं. ली तिसरंच करते. ती प्रत्येक स्वर इतका सरळ, इतका कंपरहित ठेवते, की पियानोचे कर्कश वाटणारे स्वर तिच्याभोवती घराच्या भिंतींसारखे उभे राहतात. त्यात साथ नेमकी कोण कुणाला करतंय, हे मला आजही सांगता येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गुंथर शुलर या संगीतकाराने १९५७ मध्ये जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यांच्या संगमाला ‘थर्ड स्ट्रीम’, म्हणजे तिसरा प्रवाह, असं नाव दिलं. ब्लेकने पुढे बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत याच नावाचा विभाग वर्षानुवर्षं सांभाळला. तेव्हापासून शैलींच्या सीमा ओलांडणाऱ्या कुणाही कलावंताबद्दल बोलताना हीच प्रवाहाची प्रतिमा वापरली जाते. दोन नद्या मिळतात, तिसरी होते. जीन लीला ती लागू पडत नाही. ती दोन शैली कधी एकत्र कालवत नव्हती. समोरचा माणूस काय करतोय हे ऐकून, त्या क्षणी गळा काय करू शकतो एवढंच ती पाहत होती. शैली ओलांडली जायची ती चालता चालता, उंबरठा ओलांडावा तशी. फ्यूजनच्या मैफलीत अनेकदा प्रत्येक परंपरा आपापला पोशाख घालून रांगेत उभी असते आणि आळीपाळीने पुढे येते. ते मला कधी पटलं नाही, कारण तिथे कुणालाच कुणाचं ऐकावं लागत नाही.

आरसीएची तबकडी अमेरिकेत फारशी चालली नाही, युरोपात मात्र तिचं स्वागत झालं. १९६३ मध्ये दोघं तिकडे दौऱ्यावर गेले. एखाद्या गायिकेने यानंतर मोठ्या कंपनीत पाय रोवला असता. ली कॅलिफोर्नियात गेली आणि ध्वनिकवितेच्या नादी लागली. शब्दाचा अर्थ बाजूला ठेवला तर शब्दात काय उरतं? ओठांचा आवाज, श्वासाची फुंकर, व्यंजनाचा धक्का. हा प्रश्न घेऊन ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा युरोपात पोहोचली, आणि जर्मन वादक-संगीतकार गुंटर हाम्पेलसोबत तिची दीर्घ संगत सुरू झाली. पुढच्या दहाबारा वर्षांत ती ज्यांच्या तबकड्यांवर सापडते त्यांची नावं घेतली तरी अमेरिकन नवसंगीताची अर्धी यादी होते: शेप, मेरियन ब्राउन, अँथनी ब्रॅक्स्टन, कार्ला ब्ले, अँड्र्यू सिरिल.

यातल्या ब्राउनच्या ‘आफ्टरनून ऑफ अ जॉर्जिया फॉन’बद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ऑगस्ट १९७० मधलं हे मुद्रण. ब्राउन जॉर्जिया राज्यात वाढला; शीर्षकरचनेत त्याने तिथल्या दुपारीला आवाज दिला आहे. लाकडाच्या टिकटिकी, पाण्याचे थेंब, पानं, आणि मग त्यात हळूहळू माणसांचे आवाज. जॅझमध्ये शब्दांवाचून गायचं म्हणजे स्कॅट, आणि स्कॅटमध्ये बहुतेकदा वाद्याची नक्कल असते. गायक ट्रम्पेट होऊन दाखवतो, त्याच्याशी शर्यत लावतो. या रचनेत लीचा आवाज कुठल्याच वाद्याशी शर्यत लावत नाही. तो झाडीतला आणखी एक आवाज होतो. कधी तिचा म्हणून ओळखू येतो, कधी येत नाही. गायिकेने ओळखू न येण्याची तयारी ठेवणं ही फार मोठी गोष्ट आहे. गळ्याच्या व्यवसायात ओळख हेच तर भांडवल असतं.

आणि तरीही ती विरघळून गेली असं नाही. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने संगीतकार जॉन केजने दोन रचना केल्या, ‘रेंगा’ आणि ‘अपार्टमेंट हाउस १७७६’, आणि त्या एकाच वेळी वाजवल्या. रेंगा हा जपानी काव्यप्रकार. अनेक कवींनी मिळून साखळीसारखी कविता गुंफायची. केजने त्यात अमेरिकन लेखक थोरोच्या ३६१ रेखाटनांतून स्वरलिपी काढली. दुसऱ्या रचनेत अमेरिकन राज्यक्रांतीच्या काळातल्या धुना होत्या आणि त्यांच्यावर चार गायक. एक प्रोटेस्टंट परंपरेतली गाणी गाणारी, एक स्पेनमधून परागंदा झालेल्या ज्यूंची, एक मूळ अमेरिकन आदिवासी, आणि चौथी जीन ली, आफ्रिकन-अमेरिकन परंपरेसाठी. चौघांनी एकमेकांशी जुळवून घ्यायचं नाही, आपापलं गात राहायचं. बॉस्टन सिंफनीने सेइजी ओझावाच्या संचालनाखाली त्याचा पहिला प्रयोग केला. पुढे न्यूयॉर्कमध्ये शेकडो श्रोते प्रयोग चालू असताना उठून गेले.

एका घराच्या चार खोल्यांतून येणारी चार गाणी एकाच जिन्यात ऐकू यावीत, अशी ती कल्पना होती. राष्ट्राच्या वाढदिवशी सगळ्यांनी एकसुरात गावं अशी अपेक्षा असताना केजने चार सूर चार ठिकाणी ठेवले. लोक उठून गेले याचं मला नवल वाटत नाही. लीची या कामासाठी निवड झाली यात मात्र बरंच काही आहे. इतरांसोबत असूनही आपला स्वर न सोडता गाणं तिला जमत होतं. जॉर्जियाच्या दुपारीत ती ओळखू येईनाशी झाली, आणि इथे तिने आपल्या पूर्वजांचा आवाज तीन परक्या आवाजांच्या गदारोळात ढळू दिला नाही. दोन्ही सहकार्यंच. सहकार्य म्हणजे नमतं घेणं, अशी आपली जी समजूत असते, ती या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

तिची स्वतःची म्हणावी अशी तबकडी १९७४ मध्ये मुद्रित झाली. नाव ‘कॉन्स्पिरसी’. छापली तिने स्वतःच, ‘अर्थफॉर्म्स’ या स्वतःच्या लेबलवर. या शब्दाचा रूढ अर्थ कट, कारस्थान. पण मुळातला लॅटिन धातू पाहिला तर त्यात ‘एकत्र श्वास घेणं’ आहे. आपल्या ‘संगत’ शब्दात सोबत जाणं आहे. या शब्दात सोबत श्वास घेणं आहे, आणि ते इतकं जवळचं आहे की बाहेरच्याला त्याची भीती वाटावी. वॉटरगेटच्या त्या वर्षात, जेव्हा हा शब्द अमेरिकेतल्या प्रत्येक वर्तमानपत्रात रोज दिसत होता, तेव्हा तिने त्याला त्याच्या मुळाशी नेऊन ठेवलं. हाम्पेल, सॅम रिव्हर्स, ड्रमर स्टीव्ह मॅकॉल असे नामांकित वादक तबकडीवर आहेत, पण मला सर्वांत जास्त परत परत ऐकावंसं वाटतं ते ‘एंजल चाइल’. त्यात तिच्या सोबतीला कुणी नाही. मुलीच्या नावाची अक्षरं घेऊन ती त्यांच्याशी खेळते, ती लांबवते, फोडते, पुन्हा जुळवते. आई तान्ह्या मुलाचं नाव पन्नास तऱ्हांनी उच्चारते तेव्हा ती जे करते तेच हे, पण पूर्ण जाणिवेने आणि पूर्ण कौशल्याने केलेलं. एकटीने गायलेली ही रचनाही दुसऱ्या माणसाकडे तोंड करून आहे. तिला एकटीलासुद्धा एकटं गाता येत नव्हतं.

आता यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. कुणी म्हणेल, हे सगळं सहकार्याचं कौतुक ठीक आहे, पण तिला दुसरा मार्ग होता का? साठ-सत्तरच्या दशकांतलं नवं जॅझ म्हणजे पुरुषांचं जग. तिथे कृष्णवर्णीय बाईला मोठ्या कंपन्या विचारत नव्हत्या, मुलांना वाढवायचं होतं, पोटाची चिंता होती. दुसऱ्याच्या तबकडीवर दोन गाणी ही निवड म्हणायची की नाइलाज? हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. तिच्या एकटीच्या नावावर निघालेल्या तबकड्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ‘कॉन्स्पिरसी’नंतरची ‘नॅचरल अ‍ॅफिनिटीज’ आली ती १९९२ मध्ये. मधल्या या काळात तिच्याजवळ करण्यासारखं काही नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. तिने ऑरेटोरिओच्या आकाराच्या, नृत्य आणि काव्य सामावून घेणाऱ्या मोठ्या रचना केल्या. त्यांची ध्वनिमुद्रणं सहज मिळत नाहीत, ही आपली हानी आहे आणि ती सहकार्याच्या गोडव्याखाली झाकू नये.

पण नाइलाजाने घेतलेली वाटसुद्धा माणूस आपली करू शकतो. रानात शेतकऱ्याला जमीन मिळते ती त्याने निवडलेली नसते. तीत काय पेरायचं हे तो ठरवतो. लीने त्या अरुंद जागेत एक विचार पेरला: आवाज हा एकट्या माणसाची मालमत्ता नाही. आणि हा विचार तिने ज्यांच्यासोबत रुजवला ते वादक तिच्यामुळे बदलले, हे तबकड्या शेजारी शेजारी लावून ऐकणाऱ्याला जाणवल्यावाचून राहत नाही. ली असलेला शेप आणि ली नसलेला शेप हे वेगळे आहेत. पहिला कमी वाजवतो आणि जास्त ऐकतो.

याच काळात, याच न्यूयॉर्कमध्ये, आपल्या मुंबईची एक मुलगी पोहोचली होती. आशा पुथली. हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेल्या या गायिकेला सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने १९७१ मध्ये ‘सायन्स फिक्शन’ तबकडीसाठी बोलावलं, आणि तिने त्याच्या दोन रचना अशा गायल्या की त्या तबकडीचा विषय निघाला की आजही आधी त्या दोन गाण्यांबद्दल बोललं जातं. पुढे १९७३ मध्ये तिची स्वतःच्या नावाची तबकडी आली आणि ती पॉप, डिस्कोच्या दिशेने गेली. दोघींची तुलना करून कुणाला उंच ठरवण्यात मला रस नाही. पण कोलमनच्या वादकांमध्ये उभं राहून तिने केलेलं काम ऐकताना मला नेहमी वाटतं, की त्या वेळी न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये एक मोठा प्रश्न हवेत होता. जिथे प्रत्येक वाद्य आता स्वतंत्र झालं आहे, तिथे गाणाऱ्या बाईने पुढे उभं राहायचं की मध्ये? पुथलीने कोलमनच्या चालीत, जराशा हेलकावणाऱ्या त्या सुरांत, पुढे उभं राहून उत्तर दिलं. लीचं उत्तर ‘मध्ये’ हे होतं, आणि ते तिने आयुष्यभर दिलं.

मध्ये उभं राहणं कसं ऐकू येतं ते ‘नूबा’मध्ये कळतं. १९७९ ची ही तबकडी तिघांची: ड्रमवर अँड्र्यू सिरिल, अल्टो सॅक्सोफोनवर जिमी लायन्स, आणि ली. बास नाही, पियानो नाही. सुरांचा आधार देणारं कुणीच नाही. अशा वेळी आवाजाला मुख्य होण्याची सगळी मुभा असते, कारण शब्द फक्त त्याच्याकडे आहेत. ली कविता म्हणते आणि मग शब्द सोडून ड्रमच्या कातड्यासारखी होते. सिरिल ड्रमवर बोलतो. मध्येच लायन्सचा सॅक्सोफोन तिचं वाक्य पूर्ण करतो, नेमकं जिथे तिने सोडलं तिथून.

नव्वदीत ती बऱ्याचदा युरोपात शिकवत होती, हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत. १९९९ मध्ये तिने मुलांसाठी जॅझची गोष्ट सांगणारं पुस्तक लिहिलं. बालमानसशास्त्र शिकलेली मुलगी अखेर मुलांपाशी येऊन पोहोचली होती. २५ ऑक्टोबर २००० रोजी मेक्सिकोतल्या तिहुआनामध्ये कर्करोगाने तिचं निधन झालं. वय ६१. रॅन ब्लेकसोबतची तिची १९६६-६७ ची बेल्जियममधली मुद्रणं पेटाऱ्यातून बाहेर आली ती २०१९ मध्ये.

१९९४ मध्ये तिने मॅल वॉल्ड्रनसोबत ‘आफ्टर अवर्स’ मुद्रित केली. बिली हॉलिडेच्या शेवटच्या दोन वर्षांत तिला पियानोची साथ देणारा हा माणूस, जॅझमधल्या सर्वांत मोठ्या ‘मुख्य गायिके’चा शेवटचा साथीदार. १९५९ मध्ये हॉलिडे गेली, त्याला तोवर पस्तीस वर्षं झाली होती. वॉल्ड्रनची पद्धत अशी, की डाव्या हाताने खालचे थोडेसेच स्वर पुन्हा पुन्हा ठोकत राहायचं, कुणाची तरी वाट पाहिल्यासारखं. हॉलिडेच्या मागे बसून तो हे शिकला असेल, कोण जाणे. या तबकडीत तो तसाच वाजवतो, आणि ली लगेच येत नाही. ती त्याचं वाजवणं ऐकत राहते. कव्हरवर दोन्ही नावं आहेत.